दिगूची पाण्यातली बंदूक

दिगू गेल्याचं मला कळलं तेव्हा मी केळीत पाणी भरत होतो. बायको एरवी लांबूनच हाक मारते, त्या दिवशी बांधावरून चालत अगदी जवळ आली. "धुळ्याहून अक्कांचा फोन होता," ती म्हणाली. "दिगूभाऊ गेले. सकाळीच. छातीत दुखलं म्हणे..." मी म्हणालो, "बरं. लाइट जायच्या आत एवढं पाणी फिरवून घेतो." आणि घेतलं. एक दांड बांधला, दुसरा फोडला, शेवटच्या ओळीपर्यंत पाणी पोचलेलं पाहिलं. लाइट गेली, मोटर थांबली, मग हातपाय धुऊन घरी आलो. बायको म्हणाली, "मी काय बोलले ते ऐकलं ना तुम्ही?" ऐकलं होतं. त्याला आता काही आठवडे झाले. दसरा होऊन गेला. भेटतील ते लोक विचारतात, फार लावून घेतलं का हो? काय सांगू त्यांना... मी काही लावूनच घेतलेलं नाही. दाढ काढल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं काहीतरी झालं आहे आणि ते उतरत नाही. रडू आलं नाही. चितेजवळही नाही. आता वर्तमानपत्राच्या पुरवणीत चार ओळी लिहा म्हणून एका स्नेह्यानं गळ घातली, तर लिहायला बसलो आहे. लिहिताना काही होतं का ते पाहू.

दिगंबर हे त्याचं नाव. जळगावला बाजारपेठेच्या मागे एका अरुंद जिन्यावर त्याचा टायपिंगचा क्लास होता. ज्या वर्षी मी बी. कॉम. झालो त्या वर्षी आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठरवलं की पोरानं सरकारी कचेरीत बसावं आणि केळीचं केळी बघतील. म्हणून मी चोपड्याच्या अलीकडच्या मळ्यातून रोज एसटीनं त्या जिन्यापर्यंत जायला लागलो. दिगू माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा असेल, पण वर्गात तो सर. पंचवीस-तीस मशिनांचा खडखडाट चालू असताना तो मधल्या बोळकंडीत फिरायचा आणि आवाजावरून सांगायचा की खिडकीजवळच्या मशीनची स्प्रिंग ढिली झाली आहे. मशीन दुरुस्त करायला त्यानं कधी कारागीर बोलावला नाही. माझं टायपिंग पाहून तो एकदा म्हणाला, "पाटील, तू मशीनवर बसत नाहीस, औत धरतोस." बरोबर होतं त्याचं. स्पीडच्या परीक्षेत मी दोनदा आपटलो आणि मळ्यात परत आलो. नोकरी मिळाली नाही, दिगू मिळाला. आबा पुढं कितीतरी वर्षं ह्या सौद्यावर कुरकुर करत होते.

बंदुकीचं खूळ सुरू झालं ते रद्दीतून. पोरांना सरावाला पाठकोरे कागद लागायचे म्हणून दिगू रद्दीच्या दुकानातून गठ्ठे आणायचा. त्यात एका परदेशी मासिकाचं एक पान निघालं. निळ्याशार पाण्यात एक माणूस, डोळ्यांवर काचेचा चष्मा, हातात लांब नळीची बंदूक आणि तिच्या तोंडातून निघालेला तीर. शेजारी बंदुकीची उभी चिरल्यासारखी आकृती होती, पण पान नेमकं खटक्यापाशी फाटलेलं. पुढं काय, ते रद्दीवाल्यालाच ठाऊक. दिगूनं ते पान मला दाखवलं तेव्हा क्लास सुटला होता. वर्गात तो साधी पुस्तकी मराठी बोलायचा, पण मनातलं काही निघालं की घरच्या अहिराणीत घसरायचा. तो म्हणाला, "दारू पाणीमा पेटाव नही. मंग हाई चालस कसावर?" मी म्हटलं, मला काय विचारतोस. तो स्वतःशीच म्हणाला, "हवावर. हवाच ऱ्हाई." आणि त्या दिवसापासून जे लागलं ते लागलंच.

आता गंमत अशी की ह्या माणसाला पोहता येत नव्हतं. पोहणं सोडाच, तो हौदात पाय सुद्धा सोडत नसे. पहिल्यांदा आमच्या मळ्यात आला तेव्हा आम्ही सगळे विहिरीत उड्या मारत होतो आणि हा गृहस्थ पँटीची घडी सांभाळत काठावर. मी चेष्टा केली. नंतर जेवताना त्यानं कारण सांगितलं. धुळ्याला पांझरेच्या काठी त्यांचं घर. त्याचा थोरला भाऊ लहानपणी डोहात बुडाला. हा काठावर कपडे राखत बसला होता. त्यानंतर आईनं ह्याच्याकडून शपथ घेतली की ती जिवंत असेपर्यंत हा पाण्यात उतरणार नाही. "मायनी आन शे माले," तो म्हणाला आणि ताटातला ठेचा भाकरीला लावत राहिला. "पन पाणी वरतून देखी देखी कटाळा ई गया, पाटील. खाले काय ऱ्हास ते एकदाव देखनं शे." एवढंच. त्यानंतर तो विषय त्यानं पुष्कळ वर्षं काढला नाही, पण मला कळून चुकलं की ही बंदूक माशासाठी नाही, किंवा नुसती माशासाठी नाही. बिनकामाचा माणूस पाण्याखाली जाऊन काय करणार? हातात काहीतरी काम हवं. त्यानं स्वतःसाठी ते काम बनवायला घेतलं होतं.

आणि माझी गोष्ट उलटी. मी विहिरीत लहानाचा मोठा झालेला, तळाची माती मुठीत घेऊन वर येणारा. पण घर माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, मासा मारायचा तर राहू द्या, बाजारातल्या मच्छीच्या गल्लीतून जायचं नाही. म्हणजे बंदूक करणाऱ्याला पाण्यात उतरायची बंदी आणि उतरू शकणाऱ्याला मारायची. दोघांचा मिळून एक शिकारी होत होता, तोही अर्धवट. दिगूला हे फार आवडायचं. क्लासला येणाऱ्या कुणालाही तो ते सांगायचा.

सामान सगळं आमच्या आसपासचंच. आबा पूर्वी कापूस लावायचे, त्या काळातला फवारणीचा पितळी पंप गोठ्याच्या माळ्यावर पडून होता. त्याची नळी दिगूनं मागून नेली. तिच्या आत दुसरी बारीक पोलादी नळी, तिच्यात दट्ट्या. दट्ट्याच्या मागे हवा कोंडायची. तीर पुढच्या तोंडातून आत रेटला की दट्ट्या मागे सरकतो, हवा आणखी दाबली जाते आणि दट्ट्याची शेपटी खटक्यात अडकते. खटका सोडला की हवा दट्ट्याला ढकलते, दट्ट्या तीराला. सांगायला दोन वाक्यं, करायला त्याला दोन वर्षं लागली. खटका जुन्या टाइपरायटरच्या पट्टीचा, मागच्या बुडाला स्कूटरच्या ट्यूबचा व्हॉल्व झाळून बसवलेला, म्हणजे पायपंपानं हवा भरता येते. तीर म्हणजे कानसून टोक काढलेली सळई, आणि तिच्या मागे नायलॉनची दोरी. पाण्यात डोळे उघडे ठेवता यावेत म्हणून त्यानं ट्यूबच्या रबरात काच बसवून मला एक चष्मा करून दिला होता. तो नाकावर गळायचा आणि घातला की मी हुबेहूब आमच्या म्हशीसारखा दिसायचो, असं माझ्या बायकोचं मत होतं.

सगळं जमलं, एक सोडून. हवा टिकत नव्हती. दट्ट्याला चामड्याचं वायसर होतं, फवारणीच्या पंपाला असतं तसं, एरंडेलात भिजवून मऊ केलेलं. जळगावला टेबलावर ठेवली की बंदूक तासभर हवा धरायची. पाण्यात गेली की चामडं फुगायचं, कुठूनतरी बारीक बुडबुडे सुटायचे आणि माझा श्वास संपायच्या आत बंदुकीचा संपायचा. दिगू काठावरून बुडबुडे पाहायचा आणि मान हलवायचा. "हवा ऱ्हास नही." हे वाक्य मी त्याच्या तोंडून जितक्यांदा ऐकलं तितक्यांदा माझं नाव सुद्धा ऐकलं नसेल.

पण लगेच मारली तर बसायची. मासा मारायचा नाही, मग मारायचं काय? हिवाळ्यात मळ्यात भरिताची वांगी असतात, हिरवी, हातभर लांब. दिगूनं त्यातलं एक घेतलं, सुतळीनं विटेला बांधलं, कारण वांगं तरंगतं, आणि विहिरीत सोडलं. मी खाली. हिरव्या पाण्यात ते वांगं विटेवर असं डोलत होतं की खरंच जिवंत वाटावं. मी खटका ओढला. हाताला हिसका बसला आणि वांग्यातून तीर आरपार. वर येऊन ओरडलो तर दिगू काठावर अक्षरशः नाचत होता, ज्या माणसाला मी कधी दात दाखवून हसताना पाहिलं नव्हतं तो. त्या नाचात कुणाच्याच लक्षात आलं नाही की तीर वांग्यातून निघून, दोरी तोडून, मोटारीच्या पाइपाच्या बुडातल्या व्हॉल्वात घुसला आहे. लाइट आली, मोटर चालू केली, पाणी येईना. व्हॉल्व उघडा राहून पाइपातलं पाणी उतरून गेलं होतं, मोटर नुसती हवा ओढत होती. आबा काठावर आले, पाइप वर ओढायला लावला, त्यातून निघालेला तीर हातात धरून पाहिला आणि आमच्या तिकडच्या बोलीत शांतपणे म्हणाले, "मासा त नाही मारला, मोटर मारली." त्या दिवशी केळी तहानलेली राहिली. वांगं मात्र कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलं आणि आम्ही त्याचं भरीत केलं. तेव्हापासून दर हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी असली की वांग्याची शिकार ठरलेली. क्लासची पोरंपोरी यायची, काठावर बसून टाळ्या वाजवायची. पाइप आधी वर ओढून ठेवायचा, हा आबांनी घालून दिलेला नियम.

आबांचा आणखी एक नियम होता, आणि तो सांगायलाच हवा. खंडेनवमीला आमच्याकडे सगळी औजारं धुऊन मांडतात. विळे, कुदळी, पाना-पक्कड, मोटारीचा स्टार्टर सुद्धा. हळदकुंकू, झेंडूचं फूल. पहिल्या वर्षी दिगूनं आपली बंदूक आणून त्या ओळीत ठेवली. आबांनी हात आखडता घेतला. "हे काय हाये? औजार का हत्यार?" दिगूनं विचार केला आणि म्हणाला, "आबा, तुमचाच पंप आहे." आबा म्हणाले, "ते दिसते मले. यंदा काय मारलं यानं?" "वांगं," दिगू म्हणाला. "मंग ठेव," आबा म्हणाले. "वांगं मारते तोवर औजार हाये. मासा मारला का हत्यार झालं. हत्यार मी पूजत नाही, माळ हाये गळ्यात." आणि फूल वाहिलं. मग दर वर्षी तसंच. आबा पळीतलं पाणी फिरवत तिथपर्यंत यायचे, थांबायचे. "यंदा काय मारलं?" "वांगं." "मंग ठेव." दोघंही हसायचे नाहीत. दिगू त्या एका दिवसासाठी जळगावहून यायचा, क्लासला सुट्टी देऊन. मला आधी ती चेष्टा वाटायची. पण दिगूला ज्या वर्षी खरा मासा मारता येईल त्या वर्षी ते फूल मिळणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं आणि आबांनाही. तरी तो ते कबूल करून बसला होता.

मग एका उन्हाळ्यात त्याची आई गेली. म्हातारी होती, झोपेतच गेली. मी धुळ्याला जाऊन आलो. दिगू एकटाच, लग्न केलं नव्हतं, धुळ्यात त्याची मोठी बहीण अक्का तेवढी होती. चौदावा झाला आणि काही दिवसांनी हा मळ्यात हजर. डोक्यावर नुकते उगवलेले केस, हातात कापडी पिशवी, पिशवीत कोरी करकरीत चड्डी. "चाल पाटील," तो म्हणाला. "शिकाड माले."

चाळिशीतल्या माणसाला पोहायला शिकवणं सोपं नसतं. त्याच्या पाठीला तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा बांधला, लहान पोरांना बांधतात तसा. कमरेला दोरी. दोरी कुणी धरायची? आबा पुढं झाले. "घाबरू नको रे दिगू. दोरी माझ्या हातात हाये. पोहणं शिकवतो तुले, मासा मारणं शिकवत नाही. ते तुझं तू पाह्य." पहिल्या दिवशी तो शेवटच्या पायरीवर गुडघाभर पाण्यात नुसता उभा होता, डोळे मिटून. मी पाण्यात, आबा वर दोरी धरून. बराच वेळ गेला. मग तो परत वर चढला, कपडे घातले आणि एसटीनं निघून गेला. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या रविवारी पुन्हा आला. तो उन्हाळा आणि पुढचा हिवाळा त्यानं असा घालवला. पाणी प्यायला, नाकातोंडात गेलं, एकदा माझ्या मानेला अशी मिठी मारली की दोघेही तळाला जायचे. पण शिकला. डबा सुटला, मग दोरी सुटली. ज्या दिवशी दोरी सुटली त्या दिवशी आबांनी ती गुंडाळून खुंटीला लावली आणि घरात जाऊन सांगितलं की आज गोड करा.

आणि तापीवर गेलो. माघातला दिवस, पाणी निवळलेलं. आमच्या शिवारापासून सायकलीनं गेलं की एक डोह लागतो, खडकाच्या कडेला. बंदूक त्यानं काठावर स्वतः भरली. चष्मा त्याच्या डोळ्यांवर, मी नुसता बरोबर. मी त्याला म्हणालो, मारायचा तर मार, मी तोंड फिरवतो. दोघं खाली गेलो. मी तोंड काही फिरवलं नाही. चष्म्याशिवाय धुरकट दिसत होतं, पण खडकाच्या सावलीत काळपट पाठ दिसली, चांगल्या दांडग्या माशाची, मरळ असावी. जागची हलत नव्हती. दिगूनं हात लांब केला. हात टेबलावर ठेवल्यासारखा स्थिर होता. त्यानं खटका ओढला. खट् असा आवाज पाण्यात आला आणि तीर वीतभर बाहेर सरकून लोंबत राहिला. हवा गेली होती. मासा तसाच. मग शेपटी हलवून सावकाश खडकाआड गेला, घाईसुद्धा केली नाही त्यानं.

आम्ही वर आलो. मला वाटलं हा आता चिडेल, बंदूक फेकेल. इतकी वर्षं गेली होती त्या एका खटक्यासाठी. तो खडकावर बसला, चष्मा कपाळावर घेतला, धापा टाकत राहिला. दम खाली बसल्यावर म्हणाला, "खाले इतलं शांत शे, पाटील..." तो डोहाकडे बघत होता. "माले वाटे, तठे आरडाओरडा व्हई." त्याला काय म्हणायचं होतं ते मला समजलं. भाऊ बुडाला तेव्हापासून त्याच्या कानात तळाचा काय आवाज असेल, आणि तो घेऊन हा माणूस रोज त्या खडखडाटात बोळकंडीतून फिरायचा... मी त्याच्या पाठीवरून पंचा फिरवला. परत येताना त्यानं वाटेत चहा पाजला आणि वायसराविषयी बोलायला लागला. चामडं नको, दुसरं काहीतरी हवं. मी म्हटलं, मासा? तो म्हणाला, मासा मरो, हवा टिकली पाहिजे. त्या वर्षीच्या खंडेनवमीला आबांनी विचारलं, "यंदा काय मारलं?" दिगू म्हणाला, "वांगंच." आबांनी त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि फूल वाहिलं.

पुढचं सगळीकडे झालं तेच. कॉम्प्युटर आले. जिन्यावरची गर्दी कमी झाली, मग चार पोरं, मग दोन. दिगूनं मशिनं भंगारात घातली आणि धुळ्याला अक्काकडे राहायला गेला. त्यांच्या घराच्या ओट्यावर तो लोकांची घड्याळं, स्टोव्ह, शिलाई मशिनं दुरुस्त करत बसायचा. मग दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले हृदय मोठं झालं आहे. मी चेष्टेनं म्हटलं, ते आधीपासूनच होतं. तो हसला नाही. पोहणं बंद, जिने बंद. तापीवर पुन्हा जाऊ म्हणत होतो, ते राहिलं.

शेवटचा भेटला तो श्रावणात. कुणाला न सांगता एसटीनं आला, चादरीत गुंडाळलेली बंदूक मांडीवर घेऊन. कंडक्टरनं काय आहे विचारलं तर म्हणाला फवारणीचा पंप, आणि ते काही खोटं नव्हतं. स्टँडवरून मळ्यापर्यंत तो तीनदा बसला. मी रागावलो, अरे निरोप धाडला असतास तर गाडी घेऊन आलो असतो. तो ऐकून घेत होता. मोटारीच्या खोलीत आल्यावर त्यानं बंदूक उलगडली. वायसर बदललं होतं. चामड्याच्या जागी रबर, काळं, जाड. कुठलं म्हणून विचारलं तर म्हणाला, अक्काच्या कुकरची रिंग. कापून, घासून, नीट बसवली होती. "अक्का बोंबलनी," तो म्हणाला, "पन हाई ऱ्हाई." मग त्यानं पायपंप मागितला. मी भरायला लागलो तर हात धरला. "मीच भरसू." आणि भरायला लागला. थोडं दाबायचा, भिंतीला टेकायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा दाबायचा. मला ते बघवत नव्हतं आणि थांबवताही येत नव्हतं. आबा दाराशी येऊन उभे होते. भरून झाल्यावर त्यानं व्हॉल्वला टोपी लावली, बंदूक स्टार्टरशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि मला म्हणाला, "खंडेनवमीलोंग हात नको लावू. तवय देखसूत." मी म्हटलं, एवढे दिवस कुठे टिकते. तो म्हणाला, "देखसूत ना." संध्याकाळच्या गाडीनं मी त्याला धुळ्याला सोडून आलो. गाडीत झोपला होता, डोकं माझ्या खांद्यावर.

तो गेला तेव्हा मी त्याच गाडीनं धुळ्याला गेलो. सगळं आटोपल्यावर अक्काच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. शेजारणीनं पिठलं-भाकरी आणलेली. मांडणीत कुकर होता आणि त्याच्या झाकणात रिंग नव्हती. अक्कांनी माझी नजर पाहिली. "नवी आणानी ऱ्हाई गयी," त्या म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावला. मी पिठलं खाल्लं. चव कळत नव्हती, पण खाल्लं. परत येताना रिंग घेऊन पाठवावी असं मनात आलं, मग वाटलं, अक्कांना ती नकोही असेल. अजून ठरवलेलं नाही.

मग खंडेनवमी आली. आबा आता खूप थकले आहेत, डोळ्यांनी नीट दिसत नाही, पण औजारं त्यांच्याच हातून पुजली जातात. मी सगळी ओळ मांडली. विळे, कुदळी, पाने. मोटारीच्या खोलीत जाऊन खिळ्यावरची बंदूक काढली. इतक्या दिवसांत तिला मी हात लावला नव्हता, झाडताना सुद्धा नाही. ओळीच्या शेवटी ठेवली. आबा चाचपत, कुंकू लावत तिथपर्यंत आले. हाताला पितळ लागल्यावर थांबले. मला वाटलं ते पुढं जातील. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "यंदा काय मारलं?"

उत्तर द्यायला कुणी नव्हतं. घरातली माणसं माझ्याकडे पाहत होती. "वांगं," मी म्हणालो.

"मंग ठेव," आबा म्हणाले आणि फूल वाहिलं. त्यांचा हात बराच वेळ तिथंच राहिला.

नैवेद्य दाखवून सगळे उठून गेल्यावर मी एकटा बसलो होतो. देखसूत म्हणाला होता, तर पाहायला हवं होतं. टोपी काढली आणि व्हॉल्वची पिन नखानं दाबली. मला वाटलं होतं काही होणार नाही. फुस्स करून हवा आली, जोरात, सरळ तोंडावर. एरंडेलाचा वास आणि रबराचा. श्रावणात भिंतीला टेकत टेकत त्यानं भरली होती ती. मी झटकन नख काढलं. पुन्हा टोपी घट्ट लावली, बंदूक नेऊन खिळ्याला अडकवली. बाकीची हवा अजून आत आहे.